विवेकाची सोंड, संवादाचा दात

ज्ञानेश्वरीतले पहिले गणेशवंदन पुष्कळांना तोंडपाठ असते. पण त्या गणेशाचा एकेक अवयव थांबून पाहिला, तर ही मूर्ती कुठल्याही देवळात बसवता येणार नाही हे लक्षात येते. ती सारी वाङ्मयाची मूर्ती आहे. समग्र शब्दब्रह्म हा तिचा देह, स्मृती हे अवयव, अठरा पुराणे हे अंगावरचे दागिने आणि सहा दर्शने हे सहा हात. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, आणि वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्धमत हा एका हातातला मोडका दात. या रूपकात दोन अवयव असे आहेत की ज्यांच्याकडे प्रवचनकारही घाईने पाहून पुढे जातात. निर्मळ विवेक ही या गणेशाची सरळ सोंड आहे. जो दात शाबूत आहे, तो आहे संवाद. आणि त्या दाताचा शुभ्र रंग म्हणजे समता. ग्रंथ कसा वाचावा याचे सारे शास्त्र या दोन अवयवांत आले आहे, असे मला वाटते. सोंड ओंडकाही उचलते आणि काडीही वेचते. चाचपून पाहिल्याशिवाय ती काही तोंडात घालत नाही. तिच्या शेजारीच संवादाचा दात आहे. मराठी मुलखात शास्त्रग्रंथांचे अनुभवाच्या अंगाने वाचन करण्याची जी परंपरा सातशे वर्षे चालत आली, तिला आज आपण ‘गूढ’ म्हणून बाजूला ठेवतो. त्या वाचनातून विवेक हाती लागत असे तो ते गूढ होते म्हणून लागत नसे. शब्द, श्रोता आणि आचरण या तिघांनी त्या वाचनाला वेसण घातली होती, म्हणून तो लागत असे. वेसण सुटली तेव्हा काय झाले, याचीही साक्ष त्याच इतिहासात आहे.

आधी ‘गूढवाद’ या शब्दाचा हिशेब करून टाकू, कारण त्याने बराच घोटाळा केला आहे. तो अलीकडच्या विद्यापीठांतला शब्द. रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या अनुभूतीवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो 1933 साली प्रसिद्ध झाला, आणि ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंत सर्वांना एका तात्त्विक चौकटीत बसवण्याची सोय झाली. सोय चांगलीच होती. पण संतांनी स्वतः वापरलेले शब्द वेगळे आहेत. ते अनुभव म्हणतात, प्रतीती म्हणतात, भावार्थ म्हणतात. यांपैकी कुठलाच शब्द लपवण्याचा नाही. तिन्ही उघड करण्याचे आहेत. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठी नेवाशाला जो ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला, त्याचे नावच भावार्थदीपिका. दिवा लावायचा तो दिसावे म्हणून. गीतेचे 700 श्लोक आणि त्यांवर सुमारे 9,000 ओव्या, हे प्रमाण पाहिले तरी कळते की येथे नुसता शब्दाला प्रतिशब्द देणे चाललेले नाही. पहिल्याच अध्यायात श्रोत्याला वाचनाची रीत सांगितली आहे. शरदाच्या चांदण्यातले कोवळे कण चकोराचे पिल्लू जसे अलगद टिपते, कमळाच्या पाकळीला नकळत भुंगा जसा पराग नेतो, तसे हे ऐकावे. इंद्रियांना पत्ता लागू न देता भोगावे, आणि बोल कानी पडण्याआधी अर्थाला जाऊन भिडावे. येथवर वाचले तर कोणालाही वाटेल की हे शब्दांना रजा देणारे, डोळे मिटून घेणारे वाचन आहे. पण चकोर आणि भुंगा दोघांचीही निवड किती काटेकोर आहे, हे विसरून चालणार नाही. पिल्लू चांदणे टिपते, धुके टिपत नाही. हळुवारपणा हा येथे ढिलाईचा नव्हे, नेमकेपणाचा गुण म्हणून आला आहे.

या नेमकेपणाची दोन टोके ज्ञानदेवांच्याच लेखनात दिसतात, आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते सांगतात की आपण व्यासांच्या पावलांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत येथवर आलो. ही पूर्ण नम्रतेची भाषा. अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात मात्र सूर बदलतो. ज्ञान हेदेखील बंधनच, असे शिवसूत्र म्हणते. सत्त्वगुण ज्ञानाच्या संगाने बांधतो, असे गीता म्हणते. हे दोन्ही दाखले दिल्यावर ते म्हणतात की शिवाने किंवा श्रीवल्लभाने सांगितले म्हणून आम्ही हे धरले असे समजू नका, त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच असते. तेराव्या शतकात, श्रुतिप्रामाण्याच्या भर राज्यात, विशीच्या आतबाहेरच्या तरुणाने हे लिहावे ही साधी गोष्ट नाही. मग वाट विचारणारा खरा की हा स्वतंत्र बाण्याचा? दोन्ही खरे आहेत, आणि त्यांत विरोधही नाही. वाट विचारणारा माणूस चालायचे काम दुसऱ्यावर सोपवत नाही. अमृतानुभवातच पुढे शब्दखंडनाचे प्रकरण आहे. त्यात आधी शब्दाची वाखाणणी आहे: तो आठवण करून देणारा, निराकाराला दाखवणारा आरसा, आणि नवल असे की या आरशात न पाहणाऱ्यालाही दिसू लागते. एवढे कौतुक झाल्यावर त्याच शब्दाला सांगितले जाते की जे स्वतःच उजळलेले आहे तिथे तुझे काम नाही. शब्दाचे मोल पूर्ण चुकवल्यावरच त्याला निरोप दिलेला आहे. उधारी ठेवून निघून जाणारे वाचन वेगळे आणि हे वेगळे.

असे वाचन ग्रंथालाच उलट प्रश्न करू शकते. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचे श्लोक मोजके पाच आहेत, पण एकट्या ‘अहिंसा’ या शब्दावर ज्ञानदेव शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. त्यांत पूर्वमीमांसेने यज्ञातल्या हिंसेला अहिंसा ठरवले त्याचा समाचार आहे: झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण बुंध्याभोवती घालायचे, असला हा प्रकार. आयुर्वेदाच्या नावाने जीव घेऊन जीव वाचवण्याचीही तशीच झडती आहे. नंतर ज्ञानी माणूस चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा याचे वर्णन येते, आणि अहिंसा म्हणजे काय ते त्याच्या पाऊल टाकण्यावरून ओळखायला सांगितले जाते. अठराव्या अध्यायात तर प्रत्यक्ष वेदालाच कंजूष म्हटले आहे. संपत्ती अपार, पण कानाला लागला तो तीनच वर्णांच्या. स्त्री-शूद्रांना त्याने दारात उभे केले नाही. ही उणीव भरून काढायला तो गीतेच्या रूपाने पुन्हा आला. वेदाची थोरवी मान्य करून त्याचा कद्रूपणा उघड्यावर मांडणे हे भावार्थाने वाचणाऱ्यालाच जमले. अक्षरार्थाने वाचणाऱ्याला ते दिसूनही दिसले नसते.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. भावार्थाची मुभा दिली की कोणीही कशातही काहीही पाहील. याला पुरावा म्हणून ज्ञानेश्वरीचाच सहावा अध्याय पुढे करता येतो. गीतेत त्या जागी आसन, नजर, एकाग्रता यांबद्दल थोडके शब्द आहेत. ज्ञानेश्वरीत तेथे कुंडलिनी जागी होते, देहातल्या धातूंचा फडशा पाडते आणि शेवटी पिंडानेच पिंड गिळला जातो. हे सारे शंभराच्या आसपास ओव्यांत. ही तर मूळ ग्रंथात नसलेली भर! टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात सांप्रदायिक टीकाकारांवर हाच रोख धरला. ग्रंथाचे तात्पर्य काढायचे तर उपक्रम आणि उपसंहार पाहावा, पुन्हा पुन्हा काय सांगितले ते पाहावे, नवे काय आणि फळ काय ते पाहावे, ही मीमांसकांची कसोटी त्यांनी पहिल्याच प्रकरणात मांडली. ज्ञानेश्वर स्वतः योगी असल्यामुळे सहाव्या अध्यायातला योगमार्ग त्यांना श्रेष्ठ वाटला, असेच टिळकांचे निदान आहे. ते चुकीचे म्हणवत नाही. पण ज्ञानदेवांनी या जागी एक गोष्ट केली आहे, जी सांप्रदायिक ओढाताण करणारा टीकाकार कधी करत नाही. वर्णन संपताच ते सांगून टाकतात की हा नाथपंथाचा संकेत आहे. श्रीविष्णूने त्याकडे नुसते बोट दाखवले होते. मग एक अस्सल बाजारपेठेतले रूपक येते. ध्वनिताचे गाठोडे आपण सोडले, अर्थाची घडी झाडून पसरली, कारण समोर खरे गिऱ्हाईक बसले आहे. कापडाचा व्यापारी ठाण उलगडताना कापड आपण विणले असे म्हणत नाही, आणि कोणत्या पेठेतून आणले तेही लपवत नाही. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा माल कोणाकडून आला त्याची पावती ग्रंथाच्या शेवटी जोडलेलीच आहे. मूळ कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते, हे सांगणारा वाचक गूढ अर्थ लावूनही विवेक सोडत नाही. मला टिळकांच्या कसोटीइतकीच ही प्रामाणिकपणाची कसोटी महत्त्वाची वाटते. कारण उपक्रम-उपसंहाराचे नियम काटेकोर पाळूनही स्वतःचा निष्कर्ष ग्रंथाच्या तोंडी घालता येतो, आणि गीतारहस्याबद्दलही तसा आक्षेप घेणारे काही कमी निघाले नाहीत.

थोडे बाजूला जाऊन महानुभाव पंथाकडे पाहिले, तर वेसणीचा दुसरा प्रकार दिसतो. चक्रधरांची वचने केसोबासांनी सूत्रपाठात गोळा केली आणि दृष्टांतपाठात तर मांडणीच तिहेरी ठेवली: आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे केसोबासांनी लावलेला अर्थ. कोणते वाक्य गुरूचे आणि कोणते आपले यात तसूभर गल्लत नको म्हणून ही तीन दालने. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट याच ग्रंथात आहे, आणि अंशाला पूर्ण समजणाऱ्या वाचकाला ती चपखल लागू पडते. ज्ञानदेवांच्या गणेशानंतर लगेच हा हत्ती आठवावा हा योगायोग मोठा मजेचा आहे. तिथे सोंड स्वतः चाचपते, येथे सोंड चाचपून फसणारे आहेत. पण याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विटंबनेची भीती, पाठ बिघडू नये ही काळजी, बाहेरचा विरोध, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात आणि ती खोटी नसावीत. पाठ त्यामुळे जपलाही गेला. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्या लिपीची किल्ली हाती येईपर्यंत बाकीच्या मराठी माणसांना आपल्या भाषेतल्या पहिल्या गद्याचा पत्ताच नव्हता. आत शब्दाची वेसण घट्ट होती; बाहेरच्या श्रोत्याला मात्र रजा मिळाली होती. पंथाबद्दल समाजात जे गैरसमज शतकानुशतके वाढले, त्यांना उत्तर द्यायला ग्रंथच समोर नव्हता. संवादाचा दात नसला की सोंड एकटी किती पुरणार?

शब्दाच्या वेसणीची सर्वांत मोठी साक्ष पैठणला आहे. ज्ञानेश्वरी सांगितल्याला जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. भाषा जुनी झालेली, नकला करणाऱ्यांनी न समजलेले शब्द समजतील तसे बदललेले, आणि भाविकांनी आपल्या भक्तीच्या भरात चार ओव्या आपल्याही घातलेल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. या कामाला परंपरेने एका स्वप्नाची प्रस्तावना दिली आहे, आणि एकनाथांच्या नावावरचा अभंगही ते सांगतो: ज्ञानदेव स्वप्नात आले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ, असे म्हणाले. स्वप्न म्हणजे गूढ अनुभवाची परमावधीच. तेव्हा हवे तर एकनाथांना असेही म्हणता आले असते की खरे पाठ मला समाधीपाशी थेट ऐकू आले. कोणी त्यांचा शब्द खाली पडू दिला नसता. भागवताच्या अकराव्या स्कंधावर शके 1495 मध्ये काशीत टीका पुरी केलेला, लोकांच्या मनात साक्षात्कारी म्हणून ठसलेला हा माणूस. त्याने साक्षात्काराच्या जोरावर एकही ओवी बदलली असे सांगितले नाही. ग्रंथ मुळात अतिशय शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अबद्ध झाला, तो शोधून नीट केला, एवढेच तो नोंदवतो. आणि पुढे एक कडक ताकीद देतो: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवली असे समजावे. स्वप्नाचा परिणाम म्हणून संशोधन घडले; संशोधनाची जागा मात्र स्वप्नाने घेतली नाही. अंतःकरणातल्या प्रकाशाला आणि अक्षराच्या शिस्तीला परस्परांचे वैरी ठरवण्याची जी सवय आज दोन्ही बाजूंना जडली आहे, तिला हे एक उदाहरण पुरेसे अडचणीचे आहे. याच एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू यांना वेदान्त बोलायला लावला, तिथे कल्पनेला कुठलाही लगाम नाही. कारण तिथे ते स्वतःचे लिहीत होते. दुसऱ्याचा ग्रंथ हाती असताना तोच हात एवढा संयमी होतो. पुढे 1909 साली राजवाड्यांनी जुन्या वळणाची एक प्रत छापून ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला आणि पाठांचा वाद पुन्हा पेटला. सांप्रदायिकांनी त्या प्रतीकडे पाठ फिरवली, काही विद्वानांनी तीच डोक्यावर घेतली. वाद तसा निष्फळ म्हणता येत नाही. त्यानिमित्ताने एकेका शब्दाभोवती दोन्हीकडचे लोक थांबले, आणि थांबणे हेच तर चकोराच्या पिल्लाचे काम.

दुसरा आक्षेप व्यवहारातून येतो. अमृतानुभवाचे दाखले ठीक, पण सात दिवसांच्या सप्ताहात शेदीडशे माणसे एका सुरात पारायण करतात, त्यांना यातले काय कळते? ओव्या धडाधड वाचून पुण्य पदरी बांधायचे, असाच मामला नाही का? पारायणाची गती आणि विवेकाची गती एक नाही, हे मान्यच करायला हवे. संतपरंपरेनेही ते ओळखले होते. निदान एक तरी ओवी अनुभवास आणा, असा सल्ला नामदेवांच्या नावावर सांगितला जातो तो काही उगाच नव्हे. म्हणूनच पारायणाच्या जोडीला प्रवचन आणि कीर्तन ठेवले गेले, जिथे एका ओवीवर तासभर थांबता येते. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच निकडीतून: नुसता गळा असून भागत नाही, अर्थ सांगता आला पाहिजे, आणि तो सांगायला संस्कृतही शिकले पाहिजे. त्याच वळणात तयार झालेल्या सोनोपंत दांडेकरांनी एकीकडे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले आणि दुसरीकडे ज्ञानेश्वरीची प्रत संपादित केली. तरीही आक्षेपाचे खरे उत्तर संस्थांपेक्षा श्रोत्यांकडे आहे. रामदासांनी दासबोधात श्रवणावर स्वतंत्र समास लिहिले, विवेक आणि वैराग्य यांना अख्खा बारावा दशक दिला, आणि प्रतीतीवाचून केलेले बोलणे कसे फोल ते पुन्हा पुन्हा सांगितले. म्हणजे ऐकणे हे त्यांच्या लेखी एक कौशल्य होते. बालपणीच दृष्टी गेलेल्या विदर्भातल्या गुलाबराव महाराजांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचले ते सारे ऐकलेल्याच्या बळावर. आणि सतराव्या शतकातल्या बहिणाबाई शिऊरकर? वेदाभ्यासाचा अधिकार स्त्रीला नाही ही खंत तिने आपल्या अभंगांत उघड बोलून दाखवली. तिचे शिक्षण कीर्तनात झाले, तुकोबांच्या अभंगांवर झाले, आणि त्या पायी वैदिक नवऱ्याचा मारही तिने खाल्ला. अशा बाईने वज्रसूचीसारखा ग्रंथ अभंगात आणला. ब्राह्मण कोण: जीव, देह, जन्म, ज्ञान, कर्म की आणखी काही, असे एकेक उत्तर उचलून बाजूला टाकणारा तो ग्रंथ. निवडून निवडून टाकायची ही रीत म्हणजे साक्षात विवेकच. घोकणाऱ्या शंभरांतून अशी एक निघाली, याने घोकंपट्टी समर्थनीय ठरत नाही. पण शंभरांना ऐकायला बसू दिले नसते तर ती एकही निघाली नसती.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्णपणे परतवता येत नाही. अंतरंगातला विवेक इतका उजळला, तर देवळाचा उंबरठा का नाही उजळला? चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेला, पंढरपुरात त्याची समाधी आहे ती महाद्वारासमोर, दाराच्या बाहेर. ज्या परंपरेने वेदाला कृपण म्हटले तिच्याच मुख्य मंदिरात दलितांना प्रवेश मिळायला 1947 साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. भावार्थ आत वळवला की बाहेरचा अन्याय झाकला जातो, असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा भक्कम पुरावा आहे. यावर एवढेच म्हणता येते की येथे तिसरी वेसण, आचरणाची, सैल पडली होती. अहिंसा पावलात दिसली पाहिजे असे सांगणारा अध्याय सप्ताहात वाचला जात होता आणि पावले उंबरठ्याशी अडवली जात होती. पण हेही नोंदवले पाहिजे की उपोषणाला बसलेल्या माणसाने पंधरा वर्षे आधी, 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतली होती. त्या तुरुंगातले श्रोते होते राजबंदी, आणि सांगणारा गीता जगण्याशी ताडून सांगत होता. ग्रंथ तोच होता. श्रोता आणि आचरण दोन्ही जागच्या जागी असल्यावर त्यातून काय निघते, ते पंढरपूरच्या दारात पुढे दिसले. पिढ्यानपिढ्यांचा उशीर त्याने भरून निघाला असे कोणी म्हणू नये. चोखोबा गेले त्याला तेव्हा सहाशे वर्षे होऊन गेली होती.

पारायणाच्या पोथीत पसायदान संपले की बहुतेक वाचक पोथीला हात जोडतात. पण छापील सांप्रदायिक प्रतीत पान अजून संपलेले नसते. नेवासे आणि शके 1212 यांचा उल्लेख येतो, लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते, आणि त्यानंतर तीन शतकांनी पैठणला बसलेल्या संशोधकाच्या मोजक्या ओव्या येतात. विश्वात्मक देवाकडे मागितलेल्या दानानंतर, अमृताच्या ताटाशेजारी, ती करवंटी अजून तशीच ठेवलेली असते.